दोन दणके

पितळेची छिन्नी, टोकाशी चेपलेली, बोटभर लांब — पेट्रोलच्या टाकीच्या तोंडावरची कडी हिनेच ठोकून सैल करायची, लोखंडाने नाही. लोखंडाची ठिणगी पडते आणि उघड्या टाकीला तेवढी पुरते. इतकी वर्षं हे काम करताना त्याच्या मनात कधी काही आलं नव्हतं. आज येत होतं... लोखंडी हातोडा, समोरचं ते चकचकीत टाळकं, आणि एकच घाव.

मेव्हण्याच्या गाडीची मागची सीट, जिच्याखाली टाकी असते, काढून बाहेर ठेवलेली. पुढच्या सीटवर त्याची धाकटी बहीण, पाठमोरी. "खाली उतर, वास चढेल," तो म्हणाला होता, तर तिने आधी गॅरेजच्या दाराशी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं होतं.

"बसू द्या हो तिला," मेव्हणा म्हणाला. "बंद पडली की टाकीला खालून दोन दणके द्यायचे, पंप मुकाट चालतो. तुमच्या बहिणीसारखंच." आणि हसला.

तोही हसला. सवयीने, दात दाखवून.

ठक्. बहिणीचे खांदे वर गेले. ठक् — मान आत. एवढ्याशा आवाजाला ही अशी दचकते, म्हणजे रोजच... हाताला प्लास्टर घालून आली होती, बाथरूममध्ये घसरले म्हणाली, तेव्हाही मला ठाऊक होतं की. तरी मीच म्हणालो, तापट आहे गं, मनाने वाईट नाही, आणि याच गाडीत बसवून दारही मीच लावून दिलं. ही पेट्रोलची नळी त्याच्या नरड्यात कोंबावी, दात घशात घालावेत, मानगूट धरून डोकं टाकीवर दोनदा आपटावं — चालतोस का मुकाट, बघू.

हात मात्र शहाण्यासारखे काम करत होते. जळका पंप निथळत वर आला, नवा बसला, कडी आवळली गेली. तारांचा प्लग तेवढा खोचायचा राहिला; त्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती.

"झाली का, दादा?" तिने वळून न पाहता विचारलं, इतकं हळू, की झाली नसू दे असंच त्याला ऐकू आलं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? अजून किती वेळ?" मेव्हणा आत आला.

त्याने प्लग मुठीत घट्ट धरला. राग तसाच होता, पण भीती आता मेव्हण्याची नव्हती... तो अजून दोनदा ओरडला, की आपण निमूट हा प्लग खोचू, याची होती.