बेंचवर बसायचा शब्द

होकान विकस्ट्रॉम शब्दाचा पक्का माणूस आहे, असं स्वीडनच्या सीमेवरच्या हापारांदा गावात कुणालाही विचारलं तरी सांगतील. परवापर्यंत साइमीनेही तेच सांगितलं असतं. त्याचीच मुलगी ती, दुसरं काय सांगणार?

स्वीडनच्या अठरा वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा तो कोच. युरोपातली मोठी स्पर्धा तोंडावर आली आणि संघातल्या दोन मुली पाय मुरगळून घरी बसल्या. तेव्हा तो लेकीच्या मागे लागला. "नुसती बेंचवर बसायला ये गं. बारा जणी तरी दिसू देत. खेळवणार नाही, शब्द देतो." साइमीला नाही म्हणवेना. नदीपलीकडून, फिनलंडमधल्या तोर्नियोतून, आईने मात्र फोनवर बजावलं, "बस हवी तेवढी. रेषेच्या आत पाऊल टाकू नकोस."

नियम सरळ होता, आणि दुष्ट होता. सतरा वर्षं पूर्ण झाल्यावर एका देशाकडून अशा सामन्यात एकदा मैदानात उतरलं, की दुसऱ्या देशाचं दार बंद. साइमीला वसंतातच सतरा पूर्ण झाली होती. आई फिनलंडची, बाप स्वीडनचा, त्यामुळे पासपोर्ट जन्मापासून दोन. एक आठवडा आईकडे, एक बापाकडे, मधे एक पूल. तू कुठली, असं त्या पुलावर तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. बास्केटबॉलने विचारलं, तेव्हा तिचं उत्तर तयार होतं. फिनलंडच्या संघाच्या ऑगस्टमधल्या शिबिराचं बोलावणं आलेलं होतं. तिने ते बापाला सांगितलं तेव्हा त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बरं." एवढंच. त्या वेळीच तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

स्पर्धेतला शनिवारचा सामना पोर्तुगालशी, स्वीडनमध्येच होता. आजोबा, आईचे वडील वाइनो, सवयीप्रमाणे फिनलंडच्या, तासभर पुढे असलेल्या घड्याळाने निघाले आणि तासभर आधीच हॉलमध्ये येऊन बसले. खिशात काळ्या खारट गोळ्यांची पुडी, डोक्यावर निळी टोपी. नात बेंचवर का बसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या तोर्नियोत दवंडी पिटली असती.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा स्वीडनचा संघ इतका पुढे होता, की सामन्यात राम उरला नव्हता. मग होकान बेंचवरच्या एकेकीला आत सोडू लागला. पोरांच्या खेळात सगळ्यांना खेळायला मिळालं पाहिजे, हे तिथे देवाच्या जागी आहे. शेवटी बेंचवर न खेळलेली एकटी साइमी उरली. लोकांच्या ते लक्षात आलं आणि कौतुकाने ठेक्यात टाळ्या सुरू झाल्या.

होकान तिच्यापाशी वाकला. "ऊठ, साइमी."

"काय?"

"सगळ्या खेळल्या, तूच राहिलीस. लोक बघतायत."

"शब्द दिला होतास."

"अगं, दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. कुणाला काय फरक पडतो?"

"मला पडतो. तुला माहीत आहे तो, म्हणून तर उठवतोयस."

तो हसला. तिच्याकडे बघून नव्हे, लोकांकडे बघून. मग त्याने दोन्ही हात वर करून टाळ्या आणखी वाढवायची खूण केली. पोटच्या पोरीविरुद्ध त्याने अख्खा हॉल उभा केला, आणि वर चेहरा असा, की जसा काही तिचा वाढदिवसच आहे.

सगळ्यांत मोठ्या टाळ्या आजोबांच्या होत्या. ते उभे राहून ओरडत होते, "जा की गं पोरी! घाबरतेस काय!"

साइमी उठली. पंचांच्या टेबलापाशी गेली. भोंगा वाजला, पंचाने आत यायची खूण केली. कॅप्टन तूवे घामाघूम होऊन हात पुढे करत बाहेर आली. रेषा साइमीच्या बुटापासून वीतभर होती. खेळायचं तर तिलाही होतंच, पाय शिवशिवत होते, आणि त्याचाच तिला संताप येत होता. ती वळली आणि बेंचवर परत जाऊन बसली.

टाळ्या विस्कटत थांबल्या. मग शिट्ट्या आल्या. पंच वैतागला आणि तूवेला पुन्हा आत जावं लागलं. जाता जाता ती म्हणाली, "महाराणी! आमच्याबरोबर खेळायला कमीपणा वाटतो काय गं?"

सामना संपल्यावर बाहेर गाड्यांपाशी आजोबांनी तिला गाठलं. त्यांचे कान लाल झाले होते. "एवढी गाडी हाकत आलो ते हे बघायला? चारचौघांत नाक कापलंस! एवढा माज आला कुठून तुला?"

होकान दोन पावलांवर गाडीत चेंडूंची पिशवी ठेवत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. साइमी त्याच्याकडे बघत राहिली. एक वाक्य बोल, एवढंच तिला हवं होतं. त्याने पिशवीची नाडी घट्ट केली, पुन्हा सोडली, पुन्हा घट्ट केली.

शेवटी तीच बोलली. "आजोबा, मी आत पाऊल टाकलं असतं तर फिनलंडकडून जन्मात खेळता आलं नसतं. नियम आहे तसा. याला माहीत होता."

आजोबांनी टाळ्या वाजवून लाल झालेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. "होकान, खरं आहे हे?"

"नियम काही मी केलेला नाही."

"नियमाचं कोण विचारतंय? तुला माहीत होतं का?"

"बारा वर्षं मी शिकवलंय तिला!" होकानचा आवाज चढला. "पावसात, बर्फात, अंगणात दिवा लावून. आणि आता तुम्ही आयतं नेणार? माझी मुलगी माझ्या देशाकडून खेळावी असं वाटलं, यात काय पाप केलं मी?"

"मग मला तसं सांगायचंस," साइमी म्हणाली. "मागायचंस माझ्याकडे."

"मागितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

आजोबा पुढे सरसावले, तेव्हा तिने हातानेच त्यांना थांबवलं. होकानच्या गाडीतून तिने आपली बॅग ओढून काढली. त्या आठवड्याचे कपडे, पुस्तकं, टूथब्रश, सगळं तिच्यात होतं. ती तिने आजोबांच्या गाडीत टाकली.

"साइमी," होकान म्हणाला, "हा आठवडा माझा आहे."

संघातल्या सगळ्या मुली त्याला नावाने हाक मारायच्या. मैदानावर साइमीही मारायची, तिथे कोचला तशीच हाक मारतात. मैदान सोडलं की मात्र तो पप्पा असायचा.

"शब्दही तुझाच होता, होकान," ती म्हणाली आणि तिने गाडीचं दार ओढून घेतलं.