वाचनालयात शिरलेली बस

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर त्यानं आधी डोकं तपासून घ्यावं. पण ज्या दिवशी शिंपीकाका आपल्याच गावात हरवले, त्या दिवशी गाव सकाळी होतं त्यापेक्षा दुपारी मोठं झालं होतं.

काकांची मुलगी नव्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि संध्याकाळी पाचला तिला घरी सोडणार होते. घरातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं झबलं काकांच्या हातचं. त्यात आजवर एक टाका वाकडा गेलेला नाही, असं काका स्वतःच सांगत. यंदा मात्र विहीणबाई दुकानातलं लेस लावलेलं झबलं पिशवीत घेऊन टपून बसल्या होत्या.

"बाबा, पाचच्या आत या," मुलीनं फोनवर बजावलं होतं. "त्यापुढे सासूबाईंना थोपवणं माझ्या हातात नाही."

जेवण होताच काका कागदाची पुडी बगलेत मारून निघाले. रस्ता सोपा होता, चक्कीपाशी डावीकडे वळायचं. पण चक्कीच्या जागी मोबाइलचं दुकान!

"दवाखाना कुठे हो?"

"चक्कीपाशी डावीकडे," दुकानदार म्हणाला.

"चक्की कुठाय?"

"ती कधीच पाडली की!"

"मग डावीकडे कशाच्या?"

दुकानदार विचारात पडला, तो अजून पडलेलाच आहे.

काका अंदाजानं वळले. समोर नवाकोरा चौपदरी रस्ता. ते निम्मा ओलांडेपर्यंत तो सहापदरी झाला. पलीकडे न्हावी भेटला, खांद्यावर टॉवेल, हातात वस्तरा.

"काका, माझं दुकान पाहिलंत का? गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून पाणी आणायला बाहेर आलो, तर मागे बँकच!"

दोघांनी मग नगरपालिकेचा नकाशा गाठला. भला मोठा फलक, त्यावर लाल ठिपका आणि 'आपण येथे आहात'. ठिपका होता बसस्थानकावर. फलकामागे मात्र वाचनालय! फलक कुणीतरी स्थानकातून उचलून इथे रोवला होता, ठिपका बिचारा जुन्या जागीच राहिला.

"पाटी वाचनालयाची दिसतेय," काका चाचरत म्हणाले.

"सरकारी ठिपका खोटं कशाला बोलेल?" न्हाव्यानं डाफरून विचारलं.

काकांचा आता स्वतःच्या पायांवरही भरवसा उरला नव्हता. आपण उभे आहोत की गावच आपल्याभोवती फिरतंय, तेच कळेना. दोघे आत शिरले. तिथे आधीच रांग होती. काकांनी पुढच्याला काही विचारायला तोंड उघडलं, तर ग्रंथपालबाईंनी दटावलं, "शू! बस येतेय."

आणि आली! कोशांच्या आणि कादंबऱ्यांच्या कपाटांमधून, हॉर्न न वाजवता, कारण भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं होतं.

"आणि त्याच बसनं मला थेट या खाटेपाशी उतरवलं," काकांनी घाम पुसत मुलीला सांगितलं. पाचला थोडाच अवकाश होता.

"दुसऱ्या मजल्यावर?" बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या विहीणबाईंचा हात पिशवीतल्या लेसवर थबकला.

"चढ होता, पण ड्रायव्हर हुशार निघाला."

"असेल बाई. पण पाठीवर हे हिरवे पट्टे कसले, व्याही?"

काका गर्रकन वळून स्वतःचीच पाठ बघू लागले. ती काही दिसेना. तोवर मुलीनं पुडी सोडून झबलं उलटंपालटं केलं होतं. एका बाहीखाली दोऱ्याला लोंबकळणारी सुई चमकली. तिनं ती हलकेच काढून बाजूला ठेवली.

"बाबा, खालच्या बाकांना आज सकाळीच हिरवा रंग दिलाय. ही बाही उलटी लागली होती ना? दुपारभर तिथे बसून उसवत होतात आणि म्हणे वाचनालयात बस! थापाडे कुठले! आई, बाळ द्या इकडे, झबलं घालते."