अंबुबाई फोटोला बसली

बेळगावातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवत होतो आणि सुट्टीत रानफुलांचे, फुलपाखरांचे फोटो काढत हिंडत होतो. भाद्रपदात गणपती बोळवले की कॅमेरा खांद्याला लावून निघायचो. मोटार जांबोटीपर्यंत, पुढं कणकुंबीची वाट पायी. तिथं भावकू गावडा नावाच्या शेतकऱ्याच्या घरी माझा मुक्काम असे. रानात मला फिरवायची ती त्याची म्हातारी आई, अंबुबाई. कळलावी कुठल्या बांधावर फुलते, कुठलं फूल उन्हं चढल्यावर मिटतं, हे सगळं तिला ठाऊक. मी एखादं फूल तोडायला गेलो की म्हणायची, "तोडू नगा मास्तर. तुमच्या यंत्राला वास कळतोय व्हय?"

ही गोष्ट एक्केचाळीस सालची. लढाई सुरू होती, विलायती माल येईनासा झाला होता. कॅम्पातल्या दुकानदारानं मिनतवारी केल्यावर मला काचेच्या सहा प्लेटा दिल्या आणि पुढचं काही सांगता येत नाही म्हणाला. एका प्लेटीवर एकच फोटो निघतो. चार दिवसांत माझ्या पाच प्लेटा फुलांवर संपल्या.

चौथ्या दिवशी दुपारी अंबुबाई गवताचा भारा टाकून माझ्यापाशी आली. "मास्तर, तुमचं ते मोठं काळंपिवळं पाखरू घावलं. वड्याकडच्या भूतकेसाच्या झुडपावर बसतंय. सकाळी दव हाय तवर हालत न्हाय. उद्या दावते."

त्या फुलपाखरामागे मी तीन वर्षं होतो. दर वेळी ते झाडांच्या शेंड्यावरून निघून जायचं. मी लगेच उरलेली प्लेट मनात बाजूला काढून ठेवली.

तेवढ्यात भावकू म्हणाला, "मास्तर, आईचा बी एक फोटू काढा की. तिचा कवा निघालाच न्हाय."

एकच प्लेट उरली आहे, असं मी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर अंबुबाईच म्हणाली असती, ठेवा ती पाखरासाठी. पण ते तोंडानं सांगणं म्हणजे म्हातारीपेक्षा पाखरू मला मोलाचं आहे, हे कबूल करणं. तेवढं मला झालं नाही. मी म्हणालो, "काढू की."

भावकूची बायको नागुबाई आत पळाली. तिनं सासूचे केस विंचरून दिले, ठेवणीतलं लुगडं नेसवलं. अंगणात पाट मांडला. शेजारची चार माणसं कुडाशी येऊन उभी राहिली. अंबुबाई पाटावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि मला विचारलं, "श्वास घ्यायचा का धरायचा?"

"हलायचं नाही फक्त," मी म्हणालो.

प्लेट ज्या चपट्या लाकडी पेटीत असते तिला आम्ही स्लाइड म्हणतो. मी वापरून झालेल्या प्लेटीची स्लाइड कॅमेऱ्याला लावली आणि उजेड आत सोडणारा तिचा पडदा ओढलाच नाही. काळ्या कापडाखाली डोकं घालून उगीच बराच वेळ घेतला. बाहेर आलो तेव्हा अंबुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी हलत नव्हती. मी कळ दाबली. खट् झालं.

"झालं?" ती म्हणाली. "काय बी लागलं न्हाय की." आणि सगळी हसली. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मला ओढ्यावर घेऊन गेली. भूतकेसाच्या पांढऱ्या पानावर ते पाखरू पंख पसरून बसलं होतं. मी सावकाश कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं लावलं, सावकाश प्लेट घातली. अंबुबाई मागं निवडुंगासारखी स्तब्ध उभी होती.

तसा फोटो मला पुन्हा जमला नाही. दिवाळीत बेळगावच्या एका प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी तो मोठा करून, चौकटीत घालून बैठकीत लावला.

मार्गशीर्षात भावकू दारात उभा राहिला. डोक्यावरचे केस नुकते फुटत होते. मी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "आई गेली. तापाचं निमित्त. लगेच येणार हुतो, पण भात कापायचा हुता." त्यानं खांद्यावरचं तांदळाचं गठुडं खाली ठेवलं. "फोटूसाठी आलोय."

माझी बायको सुनंदा पाणी घेऊन आली. भावकूचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ह्ये आमच्या वड्याजवळचं न्हवं? आईनं दावलेलं?"

"हो," मी म्हणालो. आणि मग म्हणालो, "भावकू, अंबुबाईंची प्लेट बिघडली रे. पाणी शिरलं आत."

तो माझीच समजूत घालावी तसं म्हणाला, "पावसाळी हवा. त्येला तुम्ही काय करणार."

तांदूळ ठेवून तो गेला. सुनंदानं भांडं उचलता उचलता विचारलं, "पाच फुलांच्या आणि एक ही पाखराची. प्लेटा सहाच होत्या ना?" प्लेटा धुताना ती माझ्या हाताखाली असायची. मी तांदळाचं गठुडं उचलून आत नेलं. रात्री त्या तांदळाचा भात तिनं वाढला आणि मी भूक नाही म्हणून उठलो.

संक्रांतीच्या सुट्टीत ओळखीच्या एका फोटोवाल्याकडून दोन प्लेटा मागून घेतल्या आणि कणकुंबीला गेलो. अंगणात उभं राहूनच सगळं सांगितलं. आत नवी काच नव्हती, मी नुसतीच कळ दाबली, पाणी शिरल्याचं खोटं होतं. भावकू खाली बघत ऐकत होता. माझं संपल्यावर त्यानं कोयता उचलला आणि रानाकडे निघून गेला.

नागुबाई उंबऱ्यात उभी होती. "गावभर सांगायच्या त्या," ती म्हणाली. "माझा फोटू बेळगावात हाय म्हणून. तापात बी ह्येंच्या मागं लागल्यात्या, आणाय जा म्हणून."

मी म्हणालो, "प्लेटा आणल्यात. तुम्हाला हवा असेल तर..."

ती म्हणाली, "ह्येंचा काढा. पण आधी काच दावा."

"उघडली तर खराब होते. उजेड लागला की संपली."

"तवा बी आमी काय बघितलं न्हवतं."

मी स्लाइड उन्हात उघडली आणि प्लेट तिच्या हातात दिली. दुधी रंगाची कोरी काच. तिनं बोट फिरवून बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काच उंबऱ्यावर ठेवून दिली. "दुसरी तशीच हाय?"

"हो."

"मग थांबा. दुपारी येतील."

भावकू आला. बायकोनं सांगितलं म्हणून बसला. कॅमेऱ्याकडे बघ, असं मी म्हणालो, पण तो माझ्याकडेच बघत राहिला. तसाच फोटो निघाला.

होळीच्या आधी फोटो स्वतः नेऊन दिला. नागुबाईनं हात पुसून तो घेतला, उजेडाकडे धरला. "बरा आलाय," म्हणाली आणि आत गेली. गोठ्यात भावकू वैरण टाकत होता. माझा आवाज त्यानं ऐकला असणार. मी अंगणात थोडा वेळ उभा राहिलो. आत या, असं कुणी म्हणालं नाही. मग मी जांबोटीच्या वाटेला लागलो.