टोपी वाकडी आहे

बोलतोय तो मीच. मागे वळून काय बघताय, समोर बघा. दिसलात ना तुम्ही? मग मीही तिथेच आहे. माणूसभर उंच, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, पोलीस ठाण्याच्या बोळात टांगलेला आरसा. माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण स्वतःलाच बघतो, मला कुणी बघत नाही. जन्मभर हे सोसलं, कधी तक्रार केली नाही. पण समोरच्या भिंतीवर ती स्क्रीन आली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. उगाच आडपडदा कशाला, सरळच सांगतो. मी तिच्यावर जळतो. बाईमाणूस असतो तर तिला सवतच म्हटलं असतं.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. पाठीवर चांदीचा हात फिरला आणि मी बघायला लागलो. पहिला मालक शिंपी. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकं माझ्यासमोर उभी राहिली की आधी श्वास घेऊन पोट आत ओढायची आणि मग म्हणायची, "कमरेत जरा सैल वाटतंय." शिंपी तोंडातल्या टाचण्या सांभाळत नुसता मान हलवायचा. पोलिसांच्या वर्द्या तोच शिवत असे. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि मला ठाण्याला देऊन टाकलं. जाताना धोतराच्या सोग्याने नाही, चांगल्या मऊ फडक्याने पुसलं होतं मला. तसं फडकं पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही.

ठाण्यात मला कपडे बदलायच्या खोलीबाहेर, बोळात लावलं. सुतार ठेंगणा होता, त्याने खिळा स्वतःच्या मापाने ठोकला. त्यामुळे उंच माणसाचं डोकं माझ्यात मावत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तेव्हा ठाण्यात एक जुने हवालदार होते. बाहेरचे लोक सगळ्याच पोलिसांना मामा म्हणतात, पण आतले फक्त यांनाच म्हणत. कामावर निघताना प्रत्येकाने माझ्यासमोर उभं राहायचं, पट्टा आणि टोपी नीट करायची, असा मामांचा शिरस्ता होता. स्वतः ते मागे, भिंतीला टेकून उभे. हातात सुपारी कातरल्यासारखा कसला तरी चाळा चालू. लोकांना वाटे, मामा टोप्या बघतात. मामा चेहरे बघत. समोरासमोर माणूस चेहरा सावरतो हो, आरशात नाही सावरत. तिथे तो स्वतःशीच असतो.

एखाद्याचा चेहरा मामांना खटकला, की ते म्हणत, "टोपी वाकडी आहे."

टोपी सरळ असे. एकदम ओळंब्यात. तो बिचारा दोनदा-तीनदा हात लावून बघे. "कुठाय वाकडी, मामा?"

"मला दिसतेय. चल आत."

आत म्हणजे सामानाच्या कोठीत. एक लोखंडी पेटी, तिच्यावर दोघं बसणार, चहाचे दोन कप जाणार आणि दार लागणार. मग कुणी लाल डोळ्यांनी बाहेर येई, कुणी रजेवर जाई, कुणी डॉक्टरकडे. कुणाचं घरी बिनसलेलं, कुणी रस्त्यावर विनाकारण कुणाला तरी बडवलेलं. बाकीच्यांनी विचारलंच, तर उत्तर एकच: टोपी वाकडी होती. त्यावर पुढे प्रश्न नाही. नवीन भरती झालेल्या एका मुलीलाही मामांनी असंच आत नेलं होतं. तिने पहिल्यांदा प्रेत बघितलं होतं आणि सकाळपासून ती सगळ्यांशी जरा जास्तच हसून बोलत होती.

आणि हे सगळं कुणाच्या जोरावर? माझ्या. पण शाबासकी मामांना मिळाली, माझी काच मात्र वर्तमानपत्राच्या बोळ्यानेच पुसली गेली.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी मागे भिंतीला टेकायला कुणी आलं नाही. माणसं माझ्यासमोर येत आणि आपापले चेहरे घेऊन तशीच बाहेर पडत. मग एकाने कोठडीतल्या माणसाचा हात मोडला. साहेब लोक आले, चौकशी झाली, आणि सगळे म्हणाले, "आम्हाला कल्पनाच नव्हती." मला होती. मला कोण विचारतो!

त्यानंतर ही स्क्रीन आली. अगदी माझ्या नाकासमोर. तिच्यासाठी वेगळी वायर, वेगळा पंखा, पुसायला पिवळं मऊ फडकं आणि फवाऱ्याची बाटली. धूळ बसू नये म्हणून रात्री वर झाकण. माझ्या टवक्यावर चिकटपट्टी लावायला कुणाला सवड नाही, आणि हिला झाकण!

बसवायला आलेल्या संगणकवाल्याने सगळ्यांना बोळात जमवून समजावलं. कुणाविरुद्ध तक्रारी वाढल्या, कुणी वारंवार बळ वापरलं, कुणाच्या आजारपणाच्या रजा एकदम वाढल्या, कोण वाईट प्रसंगावरून आलाय, हे सगळं ही एकत्र बघणार. प्रमाणाबाहेर गेलं की नावापुढे पिवळा ठिपका. "ही शिक्षा नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "माणूस बिघडण्याआधी त्याला सावरायचं, एवढंच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो, तोच आमचा थट्टेखोर शिपाई जाड्या म्हणाला, "म्हणजे ठिपका आला की कावीळ झाली म्हणायची."

झालं. शब्द चिकटला. ज्याच्या नावापुढे ठिपका, त्याला कावीळ. त्याच्याबरोबर गस्तीला कुणी जाईना, जणू खरंच लागण होईल. सावरायला आणलेल्या ठिपक्याचं यांनी वाळीत टाकायचं निशाण केलं. आणि स्क्रीन हे सगळं ढिम्म बघत होती. खरं सांगू, मला उकळ्या फुटत होत्या.

आता लंबूचं सांगतो. लंबू म्हणजे ठाण्यातला सगळ्यात उंच शिपाई. माझ्यात डोकं मावत नाही, म्हणून रोज गुडघ्यात वाकून टोपी घालायचा आणि मला म्हणायचा, "काय राव, अजून बुटकेच?" अख्ख्या ठाण्यात माझ्याशी बोलणारा तेवढा एकच. एका दुपारी कालव्यात लहान मूल बुडालं. ते लंबूने बाहेर काढलं आणि दवाखान्यापर्यंत हातांवर नेलं. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा कामावर आला. वाकला, टोपी घातली. बोलला मात्र काही नाही.

पुढे त्याने एका टेम्पोवाल्याच्या कानाखाली वाजवली. मग बाजारात एका फळवाल्याला ढकललं. आणि मग माझ्यासमोर थांबणंच सोडलं. टोपी हातात घेऊन तो तसाच पुढे जायचा. मला वाटलं, हाही फितला. सगळ्यांसारखा हाही आता स्क्रीनकडेच बघणार. मी इतका चिडलो, की तो गेल्यावरही त्या रिकाम्या बोळाकडे बघत फणफणत राहायचो.

एका सकाळी समोर लंबूच्या नावापुढे पिवळा ठिपका दिसला. मला तिची अक्षरं उलटी दिसतात, पण नाव ओळखता आलं. म्हणजे रुसण्याच्या नादात जे मला दिसलं नाही, ते तिने मोजलं होतं. हे मी नाकारत नाही. पण कौतुकही करणार नाही, सांगून ठेवतो.

ठाण्याच्या प्रमुख आता मॅडम होत्या. आठवते ना ती नवीन भरतीची मुलगी, प्रेत बघून आलेली? त्याच. ठिपक्याखाली ओळ होती: "वरिष्ठांनी संबंधितांशी संवाद साधावा." मॅडमनी लंबूला आपल्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं.

"बसा. मला तुमच्याशी संवाद साधायचाय."

तो बसला नाही. टाचा जोडून ताठ उभा राहिला. "सगळं ठीक आहे, मॅडम."

"काही अडचण असेल तर सांगा."

"काही नाही, मॅडम."

बाहेर येताच जाड्याने टोमणा मारलाच. "झाला का रे संवाद?"  जाड्याच्या छातीला ढकलून लंबू पुढे गेला. जाड्या भिंतीवर आदळला, मी खिळ्यावर हललो. तो टवका आहे ना, तो त्या दिवशी आणखी वाढला.

त्याच आठवड्यात कारखान्याच्या फाटकावर कामगार जमले आणि बंदोबस्त मागवला गेला. बोळात काठ्या वाटल्या जात होत्या. जाड्या मॅडमच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाला, "त्याला नका पाठवू. आज कुणाचं तरी डोकं फुटेल. नाहीतर त्याची नोकरी जाईल." थट्टेचा सूर नव्हता त्यात. तसा जाड्या मनाचा वाईट नाही.

लंबू आला. टोपी हातात, काठी दुसऱ्या हातात, नजर जमिनीवर. माझ्यासमोरून जाणार, एवढ्यात मॅडम त्याच्या मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. अगदी मामा टेकायचे, त्याच जागी. मला तर क्षणभर खरं वाटेना. स्क्रीनला काय ठाऊक ती जागा!

"टोपी वाकडी आहे," मॅडम म्हणाल्या.

लंबू थबकला. "टोपी घातलीच नाहीये, मॅडम."

"तेच म्हणतेय मी. ये आत."

संवाद साधताना "बसा" म्हणणाऱ्या मॅडम आता "ये" म्हणाल्या होत्या. तो तिथेच उभा राहिला. मग कितीतरी दिवसांनी त्याने मान वर करून माझ्यात बघितलं. डोकं नव्हतं दिसत त्याला, फक्त गळ्यापासून खाली. छाती, वर्दी आणि दोन हात. त्या हातांकडेच तो बघत राहिला.

"घरी लेकीला उचलून घ्यायला हे हात उचलत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "आणि बाहेर कुणावरही उचलले जातात."

मॅडमनी त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि जाड्याकडे दिली. जाड्याने ती गुपचूप घेतली आणि स्वतःच चहा आणायला गेला. कोठीचं दार लागलं. आत काय झालं ते मला माहीत नाही. बंदोबस्त लंबूशिवाय गेला आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

लंबूला सुट्टी मिळाली, मनाच्या डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं. काही काळ आतलं काम, मग पुन्हा बाहेरचं. कावीळ हा शब्द ठाण्यातून गेला. आता ठिपका आला की लोक "टोपी वाकडी आहे" एवढंच म्हणतात, आणि जाड्या चहा सांगतो.

पण बक्षीस कुणाला? स्क्रीनला! मुख्यालयातून पाहुणे आले, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढले. "काय यंत्रणा आहे," म्हणाले. ते फोटो काढताना चकाकी येते म्हणून माझ्यावर चादर टाकली होती. माझ्यावर, चादर!

आणि आता बोळाला रंग द्यायचाय. माझ्या जागी दुसरी स्क्रीन येणार म्हणे. पाठ काळवंडलीय माझी, कबूल. पण ऐका, मी फुकाचं रडत नाही. ठिपका दाखवायला ती आहे, दाखवू दे. पण ठिपका आल्यावर माणसाला उभं कुठे करणार? मला अडगळीत टाकू नका, एवढंच मागणं.

हे सगळं काल सकाळपर्यंतचं. काल मॅडम मुख्यालयात निघाल्या होत्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या, टोपी सरळ केली. सगळ्यांना वाटेत हसून हाका मारत आल्या होत्या, जरा जास्तच हसून. कित्येक महिन्यांत त्यांनी रजा घेतलेली नव्हती. समोर स्क्रीनवर एकही ठिपका नव्हता. असणार कसा? ती शिपाई-हवालदारांचंच मोजते. प्रमुखांचं नाव तिच्यात कुणी घातलेलंच नाही.

मागे भिंतीला लंबू टेकला होता. गुडघ्यात वाकला आणि माझ्यातून त्याने मॅडमकडे बघितलं. बराच वेळ.

"मॅडम, टोपी वाकडी आहे."

मॅडमनी हात लावून बघितलं. टोपी सरळ होती. "कुठाय वाकडी?"

"मला दिसतेय," लंबू म्हणाला.

मॅडमचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि त्या कोठीकडे वळल्या. जाताना स्क्रीनकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी बघितलं. चांगलं टक लावून.