जातो म्हणू नये

इथे परदेशात, ईस्ट टामाकीच्या गोदामात, युक्रेनच्या आंद्रीला मराठी मीच शिकवलं, म्हणजे मॅनेजरला हसत हसत द्यायच्या शिव्या. शुक्रवारी तो सोबत न्यायला फळीवरून काढलेला आपला कॉफीचा मग घेऊन निरोपाला आला. युरोपनं कबूल केलेली हवाई सुरक्षा त्याच्या गावाला मिळालीच नव्हती, आणि म्हातारी आई घर सोडत नव्हती.

"तुझ्या वयाच्या पुरुषांना परत देशाबाहेर सोडत नाहीत ना रे?"

"नाही."

"मग आईला फोनवर पटव."

"युरोप इतकी वर्षं फोनवरच बोलतोय, रवी." मग मराठीत म्हणाला, "जातो."

"जातो म्हणू नये. येतो म्हणायचं."

"ही पण शिवी?"

"नाही रे. घरातून निघताना आमच्यात असंच म्हणतात."

त्यानं माझा चेहरा नीट निरखला.

"येतो," म्हणाला, आणि कॉफीचा मग परत फळीवर ठेवला.