रिकाम्या पोटी

कचरू मार्केट यार्डात कांद्याची पोती वाहायचा. ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. वॉर्डात आला त्याच दिवशी कल्याणी सिस्टरनं बजावलं, "काका, पायाचं डॉक्टर बघतील. तुम्ही फक्त पोटभर जेवायचं. त्याशिवाय हाड जुळत नाही."

"जेवायला मला सांगावं लागत नाही, सिस्टर," कचरू हसला. त्याची बायको चंपा रोज भाकरी, पिठलं, उकडलेली अंडी आणायची. डबा चाटूनपुसून परत जायचा.

मग ऑपरेशन ठरलं. सकाळपासून पाणीसुद्धा बंद. कल्याणीनंच पलंगाला 'उपाशी' अशी पाटी अडकवली. दुपारी अपघाताचे पेशंट आले, थिएटर अडलं. संध्याकाळी निरोप आला, "उद्या घेऊ." तोवर वॉर्डातलं जेवण वाटून संपलं होतं, चंपाही भरला डबा घेऊन परत गेली होती. कल्याणीनं आपल्या डब्यातली पोळीभाजी दिली. त्यानं निम्मी परत केली.

"भूक मेली, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी तेच. पुढेही तेच होत राहिलं. सलाईन चालू होतं, पण कचरूचे गाल बसत चालले.

कल्याणीनं वॉर्डातल्या डॉक्टर पुष्करना गाठलं. "सर, नंबर दुपारनंतरच असेल तर सकाळी थोडी पेज देऊ का?"

"मलाही कळतं हो, सिस्टर. पण मधेच बोलावलं आणि पोटात अन्न निघालं, तर केस परत पाठवतील. मग पुन्हा रांगेत शेवटी." झोपेविना त्यांचे डोळे तांबारले होते. त्यांच्यावर चिडताही येईना.

एकदा चंपा पदराआड अंडं लपवून आली. कल्याणीनं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तुम्ही जेवून आलात ना?" चंपानं विचारलं.

कल्याणी जेवून आली होती.

अखेर कचरूला ट्रॉलीवरून नेलं आणि थोड्याच वेळात परत आणलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, रक्त कमी आहे, छातीत कफ आहे, असा माणूस भूल सोसणार नाही. आधी त्याला चांगलं खाऊ घाला.

कल्याणीनं पाटी काढून टाकली. दूध आणलं, अंडं कुस्करलं, चमच्यानं भरवायला बसली. कचरूनं दोन घास तोंडात घोळवले आणि मान फिरवली. "नको वाटतं."

"थोडंसं, काका. माझ्यासाठी."

त्यानं तिच्यासाठी तोंड उघडलं. गिळता मात्र आलं नाही. घास ओठांच्या कोपऱ्यातून ओघळला. ती रोज बसायची, पण बाकीचे पलंग हाका मारत राहायचे.

छातीतला कफ वाढला. श्वास लागला, आणि कचरूला अतिदक्षता विभागात हलवलं. चंपाला दाराबाहेर थांबवलं. कल्याणी कागदपत्रं देऊन बाहेर आली तशी चंपानं तिचा हात धरला.

"ताई, तिथं तरी त्यांना जेवायला देतात ना?"

"हो," कल्याणी म्हणाली. "नाकातल्या नळीतून."