नेविलच्या शब्दावर

पाकीट तपकिरी होतं, आणि इंग्लंडातल्या बॅरो गावात तपकिरी पाकीट म्हणजे कर खातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेविल फेलनं ते दारातच फोडलं. एकेचाळीस हजार पौंड भरा म्हणे.

"कसले रे?" रॉझनं, त्याच्या बायकोनं, विचारलं.

कसले ते नेविल पुरतं जाणून होता. बॅरोच्या गोदीत तो पाणबुड्यांचे नकाशे काढायचा, पण कंत्राटावर. मजुरी गोदीकडून एजन्सीला, एजन्सीकडून एका अम्ब्रेला कंपनीला, आणि कागदावर ती कंपनी त्याची मालक. आपला वाटा आणि सरकारचा कर कापून उरलेलं ती हातावर ठेवायची. यात वावगं काही नाही, अर्धी गोदी तशीच पोटाला लागलेली. पण नेविलनं शोधलेली कंपनी अतिशहाणी निघाली. थोडा पगार दाखवायचा आणि बाकीचं 'कर्ज' म्हणून द्यायचं. कर्जावर कर नाही, आणि हे कर्ज कधी फेडायचंही नाही! असं कर्ज कुणी कुणाला देतं का हो? पण दर शुक्रवारी खिसा गरम झाला की असले प्रश्न कुणाला पडतात! आता कर खातं म्हणत होतं, ते कर्ज नव्हतंच, पगारच होता. चार वर्षांचा कर काढा.

"घर जाईल आपलं?"

"नाही गं. हप्ते बांधून देतात." आवाज त्याचा त्यालाच खोटा वाटला.

मग रॉझ म्हणाली, "ग्लिनला आलं का रे पत्र?"

नेविल फोन शोधू लागला.

ग्लिनला, गोदीतल्या आपल्या मित्राला, त्यानंच या कंपनीत ओढलं होतं. मित्र आणा, दोनशे पौंडांचं कूपन न्या, अशी त्या कंपनीची रीतच. कँटीनमध्ये ग्लिननं विचारलं होतं, "सरळ आहे ना रे हे? मला त्या कागदातलं ओ की ठो कळत नाही." "अरे, मोठ्या वकिलानं पास केलंय," नेविलनं ठोकून दिलं. वकिलाचं पत्र त्यानं स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. "तू बघितलंयस ना? मग झालं," म्हणून ग्लिननं न वाचता सही केली. कूपनावर नेविलनं परसात ठेवायची शेगडी आणली, आणि तिच्यावरचं पहिलं सॉसेज वर ग्लिनलाच खाऊ घातलं. निर्लज्ज!

ग्लिन तीन दिवस गोदीत आला नव्हता. सर्दी असेल, म्हणून नेविलनं मनावर घेतलं नव्हतं. आता फोन लावला, तर तो नुसता वाजत राहिला. वर्किंग्टनच्या एका कंत्राटी फिटरचं त्याला आठवलं. असंच पत्र आलं होतं त्याला. गाडी तेवढी बंदरावर सापडली.

पूल ओलांडून नेविल वॉल्नी बेटावर, ग्लिनच्या घरी पोचला. बायको गेल्यापासून ग्लिन एकटाच राहायचा. दारात गाडी नव्हती. नेविलनं पुन्हा फोन लावला, आणि फोन घराच्या आत वाजला. काचेतून डोकावलं तर जिन्याच्या पायरीवर तपकिरी पाकिटं. एक नाही, तीन. सगळी फोडलेली.

"देवा, नको रे," तो मोठ्यानं म्हणाला.

बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर ग्लिन गळ टाकायला जायचा. तिथं त्याची गाडी होती, पण आत कुणी नव्हतं. भरती चढत होती. नेविल दगडगोट्यांवरून धडपडत, हाका मारत पळाला. पार टोकाला एका खडकावर ग्लिन बसला होता. पाणी बुटांवर चढलं होतं, तरी गडी हलत नव्हता.

"ऊठ, गाढवा! ऊठ!"

"ओरडतोस काय?" ग्लिननं मान वळवली. "बसलोय नुसता."

"नुसता? जीव गेला असता ना माझा! फोन का नाही घेत?"

"वाजला की धडकी भरते."

नेविल त्याच्याजवळ मटकन बसला. "शिव्या घाल मला. माझ्यामुळं झालं हे सगळं."

"घातल्या, मनातल्या मनात. पहिला आठवडा तेच करत होतो." ग्लिननं तोंडावरून हात फिरवला. "माझं काय रे, घर विकीन, बेथनकडे राहीन. पण नेव, मी कॅलमला त्यात घातलंय."

कॅलम म्हणजे बेथनचा, त्याच्या पोरीचा, नवरा.

"दोन वर्षं झाली. त्याला अजून पत्र आलेलं नाही. बेथनला सातवा महिना लागलाय. बँकेचं कर्ज काढून घर घेतायत पोरं, सोमवारी सह्या आहेत. मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि माघारी आलो. चौथ्यांदा तिथं जाण्याऐवजी इथं आलो."

इथं म्हणजे काय, ते नेविलनं विचारलं नाही. त्यानं ग्लिनच्या कोटाची बाही पकडली आणि गाडीत बसेपर्यंत सोडली नाही.

कॅलमनं हसतच दार उघडलं, मग दोघांकडे बघून त्याचं हसू गेलं. "नेविलकाका? तोंडं का अशी? कोण गेलं?"

ग्लिन नेविलच्या मागं उभा होता, बुटांतून पाणी गळत.

"सोमवारी सह्या करू नका," नेविल म्हणाला. "का ते सांगतो."

"कोण आहे रे?" आतून बेथननं विचारलं.

कॅलम सासऱ्याकडे बघत राहिला.